सेंट हिलॅरियन : शत्रूने न पाडलेला किल्ला

स्मरणिकेसाठी प्रवासवर्णन द्या, असा समितीचा आग्रह होता. मी लिहितो आहे तो एका किल्ल्याचा इतिहास. तो आपल्या रौप्यमहोत्सवी अंकात कशाला, हे शेवटी कळेलच.

भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटाच्या उत्तर किनाऱ्याला लागून एक डोंगररांग जाते. तिच्या एका सुळक्यावर, सुमारे ७३० मीटर उंचीवर, सेंट हिलॅरियनचा किल्ला आहे. मुलाकडे परदेशी गेलो असताना आम्ही उभयता तो पाहून आलो. नाव एका संन्यस्त साधूचे. दहाव्या शतकाच्या सुमारास इथे मठ होता, पुढे बायझंटाईन राजवटीने समुद्रावर नजर ठेवायला त्याचाच किल्ला केला.

रचना आपल्या राजगडाची आठवण करून देते. खालच्या टप्प्यात शिपाई आणि घोडी, मधल्यात चर्च, दिवाणखाना आणि पाण्याचे मोठे टाके, सर्वांत वर राजघराण्याचे महाल. पायऱ्या भरपूर! हिने मधल्या टप्प्यावरच बैठक मारली. मी गुडघे सांभाळत वर गेलो. तिथे भिंतीत कोरीव दगडी खिडकी उभी आहे, तिला ‘राणीची खिडकी’ म्हणतात. छप्पर कधीच गेले आहे.

आता माझ्या आवडीचा भाग, म्हणजे व्यवहार. ११९१ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड याने हे बेट जिंकले आणि लगेच टेम्पलर सरदारांना एक लाख सुवर्णनाण्यांना विकले. चाळीस हजार रोख, बाकी उधार! टेम्पलरांना कारभार झेपेना. वर्षभरात बेट गी द लुझिन्यां या सरदाराकडे गेले. त्याच्या घराण्याने १४८९ पर्यंत, म्हणजे जवळपास तीनशे वर्षे राज्य केले. उन्हाळ्यात राजघराणे या गडावर येऊन राही. तेराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या पक्षाशी झगडा झाला, तेव्हा आळीपाळीने दोन्ही बाजू इथे वेढ्यात अडकल्या. गड मात्र शाबूत राहिला.

मग तो पडला कसा? १४८९ मध्ये बेट व्हेनिसकडे गेले. व्हेनिसवाले हिशेबी व्यापारी. डोंगरावर शिबंदी ठेवायची, टाकी आणि तट दुरुस्त करायचे, एवढा खर्च कशाला? तोफांचा जमाना आला होता, त्यांचा भर किनाऱ्यावरच्या शहरांवर होता. त्यांनी हा गड आपणच मोडून टाकला. १५७०-७१ मध्ये तुर्कांनी ते सारे बेट घेतले.

आयुष्यभर ताळेबंद पाहिलेला माणूस व्हेनिसला मूर्ख म्हणणार नाही. त्या वर्षीच्या वहीत खर्च नक्कीच कमी दिसला असणार. पण जागेचे मोल वहीत मावत नाही. १९६४ मध्ये बेटावर ग्रीक आणि तुर्की समाजांत संघर्ष पेटला, तेव्हा तुर्की सायप्रसी लढवय्ये याच पडक्या गडावर जाऊन बसले, कारण निकोसियाहून उत्तर किनाऱ्याला जाणारी खिंड इथून ताब्यात राहते. त्याच वर्षी आपले जनरल थिमय्या तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख झाले आणि १९६५ च्या डिसेंबरात तिथेच कामावर असताना वारले. गडाकडे जाणारा रस्ता आजही लष्करी हद्दीतून जातो.

आपली इमारत काही राजवाडा नाही. पण पंचवीस वर्षांची झाली म्हणजे गच्ची गळणार, पाइप गंजणार, प्लास्टर पडणार. सिंकिंग फंड वाढवायचा विषय निघाला की वार्षिक सभेत ‘यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघू’ असा आवाज हमखास येतो. मीही पेन्शनर आहे, वाढलेला आकडा मलाही बोचतो. तरी पुढच्या सभेत हात वर करताना वरच्या मजल्यावरच्यांच्या ओल आलेल्या भिंती एकदा आठवा, एवढेच सांगणे. मी हात वर करणार आहे.