कृष्णेतील रामलिंग बेट आणि काठचा गावगाडा

वाळवे तालुक्यात बहे-बोरगावजवळ कृष्णामाई दोन धारांनी वाहते व मध्ये एक बेट राहते. बेटावर रामलिंगाचे देवालय व समर्थस्थापित मारुती आहे. प्रभू रामचंद्र येथे पूजेस बसले असता नदीस पूर आला. मारुतीरायांनी दोन्ही बाहू पसरून पाणी अडविले, त्यामुळे नदी दुभंगली आणि बाहूवरून गावास बहे हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. मारुतीची स्थापना शके १५७३ म्हणजे इ. स. १६५१ ची मानतात. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी सात आजच्या सातारा जिल्ह्यात, बहे व शिराळा हे दोन सांगली जिल्ह्यात आणि मनपाडळे व पारगाव हे दोन कोल्हापूर जिल्ह्यात आहेत. त्या काळी या मुलखावर विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या कार्याचे मोल कळते.

कृष्णाकाठची गावे पाण्याचा अंदाज घेऊन वसली. उंचवट्यावर पांढरी म्हणजे वस्ती, खाली काळी म्हणजे शेती. पुराने काळी बुडाली तरी गाळ देऊन जाते. पांढरी बुडाली तर संसारच जातो. गावात पाटील, कुलकर्णी व बारा बलुतेदार. गुरवाने पूजा करावी, नावाड्याने माणसे पार न्यावीत आणि सुगीला खळ्यावरून आपले बलुते न्यावे. रोख पैशाचा प्रश्नच नव्हता. राज्य कोणाचेही असो, पाटलाने वसूल भरला की सरकार गावात फारसे डोकावत नसे.

सन १८४८ मध्ये इंग्रजांनी सातारचे राज्य खालसा केले आणि कागदाचे राज्य आले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. 'सनद दाखवा' हा हुकूम गावोगाव फिरला. ज्याने दप्तर वाळवीपासून जपले त्याची जमीन टिकली. नुसत्या तोंडी वहिवाटीवर विसंबणारे अडचणीत आले. देवस्थान इनाम म्हणजे वर्ग ३. अशा दुमाला जमिनींची नोंद गाव नमुना ३ मध्ये असते.

१९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. कुलकर्णी वतने १९५१ साली, पाटीलकी १९६३ साली संपली आणि दप्तर पगारी तलाठ्याकडे आले. कूळकायद्यातून देवस्थानच्या जमिनींना सूट मिळे, पण त्यासाठी सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी आवश्यक होती. जेथे ही नोंदणी वेळेवर झाली नाही, तेथे दिवाबत्तीच्या उत्पन्नावरच गदा येण्याची भीती होती. बलुतेही थांबले. अशा कित्येक देवळांचा भार मग वर्गणीवर आला.

२००५ व २०१९ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या कित्येक गावांत पाणी पांढरीतही शिरले. पाणी ओसरल्यावर चिखल उपसायला सनद लागत नाही. घमेली आणि फावडी घेऊन माणसे यावी लागतात.