आकाशगंगेच्या केंद्रालगतचे क्ष-किरण स्रोत : सर्वेक्षणाचा इतिहास आणि भारतीय सहभाग

बडनेऱ्याहून पाहता आकाशगंगेच्या केंद्राची दिशा मूळ नक्षत्रालगत, धनु राशीत, क्षितिजापासून जास्तीत जास्त सुमारे ४० अंश उंचीवर येते. जून-जुलैत ती मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेस असते. पण तेव्हा वऱ्हाडचे आकाश मेघाच्छादित असते. निरभ्र रात्रीही मधल्या धुळीमुळे केंद्राचा दृश्य प्रकाश पोहोचत नाही. अधिक ऊर्जेचे क्ष-किरण ही धूळ भेदतात, मात्र पृथ्वीचे वातावरण त्यांना अडविते. त्यामुळे सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूरच्या या प्रदेशाचा शोध उपकरणे उंच नेता येऊ लागल्यावरच सुरू झाला.

या शोधाचा इतिहास बहुधा स्रोतांच्या संख्येत सांगितला जातो. डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्यालगतच्या तळावरून सोडलेल्या 'उहुरू' उपग्रहाच्या चौथ्या सूचीत (१९७८) संपूर्ण आकाशातील ३३९ स्रोत होते. 'चंद्रा' दुर्बिणीने २००३ पर्यंत केंद्राभोवतीच्या १७ कला बाजूच्या चौकोनात, म्हणजे पूर्णचंद्राच्या साधारण अर्ध्या व्यासाएवढ्या बाजूत, २,३५७ स्रोत वेगळे दाखविले. २००९ च्या विस्तृत सूचीत ही संख्या ९,०१७ झाली. त्यांतील बहुसंख्य मंद स्रोत हे सहचर ताऱ्याचे द्रव्य ओढून घेणारे श्वेतबटू असावेत, असे मानले जाते.

या मापाने भारताचा वाटा नगण्य ठरतो. परंतु हे मापच अपुरे आहे. स्रोताची नोंद होणे आणि त्याचे स्वरूप कळणे या भिन्न गोष्टी होत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून फुग्यांद्वारे उपकरणे पाठविली, त्यामागे भौगोलिक कारणही होते. भूचुंबकीय विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे तेथे विश्वकिरणांचा उपद्रव कमी असतो व क्षीण संकेत ओळखणे सुकर होते. अशा उड्डाणांतून १९९० च्या दशकात 'जीएक्स १+४' या स्रोताची निरीक्षणे झाली. नावातील आकडे आकाशगंगीय रेखांश व अक्षांश दर्शवितात. म्हणजे हा स्रोत केंद्राच्या दिशेपासून पाचेक अंशांवरच आहे. सुमारे दोन मिनिटांत एक फेरी घेणाऱ्या या न्यूट्रॉन ताऱ्याची गती १९७० च्या दशकात वाढत होती, पुढील दशकात ती मंदावू लागल्याचे आढळले. असा पालट सूचीतल्या एका ओळीतून कळत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे पुनःपुन्हा कालमापन करावे लागते.

१९ एप्रिल १९७५ रोजी सोडलेल्या 'आर्यभट' उपग्रहावरही क्ष-किरण उपकरण होते. वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे प्रयोग काही दिवसांतच थांबले. तरी तेवढ्यात केंद्राच्याच बाजूच्या 'जीएक्स १७+२' व 'जीएक्स ९+९' यांची निरीक्षणे हाती आली. भारतीय ग्रंथांत 'आर्यभट'चे प्रक्षेपण सविस्तर येते, ही निरीक्षणे क्वचितच. पुढे २८ सप्टेंबर २०१५ रोजी 'अॅस्ट्रोसॅट' कक्षेत गेला आणि मुंबईत घडविलेल्या त्याच्या मोठ्या क्षेत्रफळाच्या गणकांनी 'जीएक्स १७+२' चे पुन्हा निरीक्षण केले.