ओपन हाउस (घरविक्री)

ओपन हाउस ही विक्रीस काढलेले घर ठरावीक दिवशी व ठरावीक वेळेत, भेटीची वेळ आगाऊ न ठरवता, कोणालाही पाहण्यासाठी खुले ठेवण्याची पद्धत होय. ही पद्धत प्रामुख्याने अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या देशांत रूढ आहे. बांधकाम व्यावसायिक नव्या प्रकल्पात सजवून ठेवतात त्या नमुना सदनिकेपेक्षा ती वेगळी आहे. ओपन हाउसमध्ये प्रत्यक्ष विकले जाणारे घरच दाखवले जाते. या पद्धतीमुळे घर विकले जाण्यास खरोखर मदत होते का, याबद्दल मतभेद आहेत.

स्वरूप

अमेरिकेत ओपन हाउस बहुधा शनिवारी किंवा रविवारी दुपारी दोन-तीन तास भरवले जाते. घरमालकाने नेमलेला मालमत्ता दलाल उपस्थित राहून पाहुण्यांना घर दाखवतो. रस्त्याच्या कोपऱ्यांवर बाणांच्या पाट्या लावल्या जातात आणि संकेतस्थळांवर वेळ जाहीर केली जाते. येणाऱ्यांची नावे व संपर्क क्रमांक नोंदवहीत लिहून घेतले जातात. पाहुण्यांना मोकळेपणाने बोलता यावे म्हणून घरमालकाने त्या वेळी घराबाहेर राहावे, असा संकेत आहे. केवळ इतर दलालांसाठी कामाच्या दिवशी घर खुले ठेवण्याचीही प्रथा आहे. हे दलाल पुढे आपल्या ग्राहकांना ते घर सुचवू शकतात.

परिणामकारकता

नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स ही अमेरिकेतील मालमत्ता दलालांची संघटना १९८१ पासून घर खरेदीदारांची पाहणी करत आली आहे. विकत घेतलेले घर प्रथम कोठे आढळले, या प्रश्नाला २००१ मध्ये केवळ ८ टक्के खरेदीदारांनी इंटरनेट असे उत्तर दिले होते. अलीकडील पाहण्यांत हे प्रमाण सुमारे निम्मे आहे. घराबाहेरील पाटी किंवा ओपन हाउसची पाटी पाहून घर सापडलेल्यांचे प्रमाण मात्र एक आकडी टक्क्यांवर आले आहे.

त्याच वेळी, घराच्या शोधात असताना ओपन हाउसला भेट देणाऱ्या खरेदीदारांचे प्रमाण याहून बरेच अधिक आहे. खरेदीदार घराची छायाचित्रे व किंमत आधी इंटरनेटवर पाहतात आणि नंतर खात्री करून घेण्यासाठी ओपन हाउसला जातात. त्यामुळे अनोळखी ग्राहक शोधून आणण्याचे काम ओपन हाउस फारसे करत नाही. आधीच उत्सुक असलेल्या ग्राहकांची सोय मात्र त्यातून होते.

विक्रेत्याला होऊ शकणारा अप्रत्यक्ष लाभ स्पर्धेचा आहे. मागणी जास्त आणि घरे कमी असताना पहिल्याच शनिवार-रविवारी अनेक ग्राहक एकत्र आल्यास प्रत्येकाला इतरांची उत्सुकता दिसते व प्रस्ताव लवकर येऊ शकतात. मंदीच्या काळात रिकामे राहिलेले ओपन हाउस याउलट संदेश देते.

ओपन हाउसचा स्वतंत्र परिणाम मोजणे अवघड आहे. सुस्थितीतील, चांगल्या वस्तीतील व योग्य किंमत लावलेल्या घरांसाठी ओपन हाउस अधिक वेळा भरवले जात असेल, तर अशी घरे लवकर विकली जाण्याचे श्रेय ओपन हाउसला देता येत नाही.

दलालाचे हितसंबंध

ओपन हाउसचा अधिक निश्चित लाभ दलालाला होतो, अशी टीका केली जाते. ज्यांनी अद्याप दलाल नेमलेला नाही असे खरेदीदार आणि स्वतःचे घर विकण्याच्या विचारात असलेले शेजारी त्याला तेथे भेटतात. नोंदवहीतील नावे पुढील व्यवसायासाठी उपयोगी पडतात. घर न विकले गेले तरी हा लाभ त्याला मिळतो.

विक्रेता व दलाल यांचे हित नेहमी एकच नसते, हे अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट व चॅड सिव्हर्सन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले. शिकागो परिसरातील सुमारे १,००,००० घरविक्रींच्या या अभ्यासानुसार, दलालांची स्वतःची घरे बाजारात सरासरी साडेनऊ दिवस अधिक राहिली आणि सुमारे ३.७ टक्के अधिक किमतीला विकली गेली. दलालाच्या वाट्याला किमतीच्या १.५ टक्के रक्कम येत असेल, तर किंमत १०,००० डॉलरने वाढूनही त्याला केवळ १५० डॉलर अधिक मिळतात. हा अभ्यास ओपन हाउसविषयी नसला, तरी दलालाचा सल्ला तपासून पाहण्याची गरज त्यातून स्पष्ट होते.

कोविड-१९ नंतर

२०२० च्या वसंत ऋतूत अमेरिकेतील अनेक राज्यांत ओपन हाउसवर बंदी घालण्यात आली. तिची जागा दृक्‌श्राव्य फेरफटके व वेळ ठरवून दिलेल्या भेटींनी घेतली. तरीही त्या वर्षी सुमारे ५६.४ लाख जुनी घरे विकली गेली. हा २००६ नंतरचा उच्चांक होता. अल्प व्याजदर हे त्याचे एक प्रमुख कारण असल्याने ओपन हाउस निरुपयोगी आहे असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र त्याविनाही घरे मोठ्या संख्येने विकली जातात, हे दिसून आले.

दलालीविषयीच्या खटल्यांतील तडजोडीनुसार ऑगस्ट २०२४ पासून दलालासोबत घर पाहण्यापूर्वी खरेदीदाराने त्याच्याशी लेखी करार करणे आवश्यक झाले. स्वतःहून ओपन हाउसला जाणाऱ्यांना हा नियम लागू होत नाही. त्यामुळे करार न करता घर पाहण्याचा एक मार्ग म्हणून ओपन हाउसचे महत्त्व टिकून आहे.

जोखीम

अनोळखी लोक घरात वावरत असल्याने दागिने, औषधे व वैयक्तिक कागदपत्रे चोरीस जाण्याचा धोका असतो. या वस्तू आधीच सुरक्षित जागी हलवण्याचा सल्ला घरमालकांना दिला जातो. घरात एकट्याने थांबणाऱ्या दलालाच्या सुरक्षिततेचा प्रश्नही उपस्थित होतो. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश, धर्म इत्यादी आधारांवर पाहुण्यांमध्ये भेदभाव करण्यास मनाई आहे.

इतर देशांत

ऑस्ट्रेलियात, विशेषतः सिडनी व मेलबर्न येथे, अनेक घरे लिलावाने विकली जातात. लिलावापूर्वी काही आठवडे, बहुधा शनिवारी, घर सुमारे अर्धा तास पाहणीसाठी खुले असते. तेथे ही पाहणी लिलावाच्या तयारीचाच भाग असल्याने तिचे स्थान अमेरिकेपेक्षा अधिक पक्के आहे. ब्रिटनमध्ये ठरलेल्या वेळी एकेका ग्राहकाला घर दाखवण्याची पद्धत अधिक प्रचलित आहे.