शरीराचे संरक्षक अस्तर : अभिस्तर ऊती

डोणगाव (जि. बुलडाणा) : शरीराचा बाह्य पृष्ठभाग व अवयवांच्या आतील पोकळ्या पेशींच्या ज्या सलग थराने आच्छादलेल्या असतात, त्यास अभिस्तर ऊती म्हणतात. या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. या ऊतीत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण खालील संयोजी ऊतीतून होते. फुप्फुसातील वायुकोशांचा एकेरी, चपटा थर वायूंची देवाणघेवाण करतो, आतड्यातील स्तंभाकार पेशी अन्नरस शोषतात, श्वासनलिकेतील रोमक पेशी धूळ बाहेर लोटतात, तर त्वचेचे अनेक थर संरक्षण करतात.

केस व नखेही त्वचेच्या अभिस्तरापासूनच बनतात. केराटिन हे प्रथिन त्यांचा मुख्य घटक होय. जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड आदी गावांत डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये अनेकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून पडले. एप्रिलमध्ये काहींची नखेही गळाली. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात व केसांत, तसेच त्यांच्या आहारातील गव्हात सेलेनियमचे प्रमाण वाढल्याचे नोंदविले. प्रथिनातील गंधकाची जागा सेलेनियमने घेतल्यास केराटिन कमकुवत होते, असे मानले जाते. केसांचे मूळ शाबूत राहिल्यास केस पुन्हा उगवतात. तथापि अशी लक्षणे दिसताच वैद्यकीय तपासणी करून घेणे श्रेयस्कर.