दाढदुखीला टाळेबंदी नसते

दिवाळीचा फराळ पुढे आला, की घरातल्या माणसांच्या दातांची खानेसुमारी आपोआप होते. एका बाजूला कडबोळी कुडूमकुडूम फोडणारी नातवंडे, तर दुसऱ्या बाजूला चकली चहात बुडवून तिची मनधरणी करणारे आजोबा! ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण हसत हसत सांगतो. परंतु २०२० साली असा एक काळ येऊन गेला, की दातही होते, चणेही होते आणि दुखणारी दाढ पाहायला मात्र कोणी नव्हते. त्या महामारीचा इतिहास मोठमोठ्या आकड्यांनी लिहिला जातो. त्यात दाढेच्या कळेला सहसा जागा मिळत नाही. आज ती देऊ या.

साथ आली, की रोगी आणि वैद्य यांची ताटातूट होते, ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात, २९ ऑक्टोबरला, भेदरलेल्या गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. रुग्णालय म्हणजे मरणाचे दार, अशी लोकांची समजूत झाली होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. त्याच्या बळावर पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरू लागले, तेव्हा लोक आजारी माणसालाच लपवू लागले. त्याच दिवसांत सावित्रीबाई फुले मात्र हडपसरजवळ आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात रोगी पोहोचवीत होत्या. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. भीतीने तोडलेला धागा एका बाईने स्वतःच्या जिवावर जोडून पाहिला, असे म्हणावे लागेल.

हाच १८९७ चा कायदा महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढण्यात आला. या खेपेला शत्रू उंदरा-पिसवांच्या वाटेने येत नव्हता. तो माणसाच्या तोंडा-नाकातून, श्वासातून येत होता. मग ज्यांचा सारा व्यवसायच परक्याच्या उघड्या तोंडावर वीतभर अंतरावरून ओणवे होण्याचा, त्या दंतवैद्यांनी काय करावे?

दंतवैद्याचे यंत्र आपण सर्वांनी पाहिले आहे. ऐकले तर नक्कीच आहे. हवेच्या दाबावर चालणारे हे यंत्र १९५७ साली बाजारात आले. त्याचे टोक मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. एवढ्या वेगाने दात तापून आतली नस मरू नये, म्हणून त्यावर पाण्याचा फवारा सोडावा लागतो. ते पाणी तोंडातल्या लाळेत मिसळते आणि त्याचे बारीक तुषार खोलीच्या हवेत तरंगत राहतात. एरवी याची कोणाला फिकीर नव्हती. २०२० साली तेच तुषार वैद्याला, मदतनीसाला आणि खुर्चीत पुढे बसणाऱ्या रोग्याला भयाचे कारण झाले.

तेव्हा दवाखाने बंद झाले, ते काही उगीच नव्हे. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने दंतवैद्यांसाठी सूचना काढल्या. बाधित क्षेत्रातले दवाखाने बंद आणि बाहेर केवळ निकडीचे उपचार, असा त्यांचा रोख होता. ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही, जेथे साथ पसरली आहे तेथे नेहमीची तपासणी पुढे ढकलावी, असाच सल्ला दिला.

पण किडीला टाळेबंदी कोण लावणार? दाताची नस सडली, की फोनवर सांगितलेल्या गोळीने ठणका चार दिवस दबतो. सडलेला भाग मात्र जागच्या जागी राहतो आणि पू पुन्हा भरतो. वेळेवर चांदी भरून वाचला असता तो दात पुढे मुळापर्यंत पोहोचतो, आणि अखेरीस उपटावा लागतो. ज्याच्या गाठीला पैसा कमी, त्याचा दात आधी जातो.

दात गेला तर कवळी बसते, असे कोणी म्हणेल. पण तोंडात दातांखेरीज इतरही पुष्कळ काही असते. तंबाखू-गुटख्याच्या आपल्या देशात पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. गालाच्या आतला पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम पुष्कळदा दंतवैद्यालाच प्रथम दिसते. देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांत मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत नव्या रोग्यांची नोंद आदल्या वर्षीच्या याच महिन्यांपेक्षा ५४ टक्क्यांनी घटली. हे रोगी बरे झाले नव्हते. ते घरी बसून होते.

आणि मग २०२१ चा उन्हाळा आला. कोविडमधून उठलेल्या माणसांना, विशेषतः मधुमेहींना आणि ज्यांना स्टेरॉइड द्यावे लागले होते अशांना, काळ्या बुरशीने गाठले. वरचा जबडा दुखणे, टाळूवर काळपट डाग पडणे, चांगले दात एकाएकी हलू लागणे, ही तिची लक्षणे. जून अखेरपर्यंत देशात चाळीस हजारांहून अधिक रोगी नोंदले गेले. किती जणांचा वरचा जबडा काढावा लागला! जे तोंड वर्षभर धोक्याचे म्हणून मिटून ठेवले, तेच आता धोका सांगत होते. आणि ते वाचायला दंतवैद्यच हवा होता. २० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना लिहिले, की या रोगाची नोंद सक्तीची करा, आणि तीही त्याच १८९७ च्या कायद्याखाली! ज्या कायद्याच्या धाकाने एकदा लोकांनी रोगी लपवले, तोच आता रोगी हुडकून वेळेवर औषध पोहोचवण्यासाठी कामी आला.

सव्वाशे वर्षांत लस आली, यंत्रे आली. पण रोगी आणि वैद्य यांच्यामधले दार किती काळ बंद ठेवावे आणि कोणासाठी किलकिले ठेवावे, हा प्रश्न प्रत्येक साथ नव्याने घालते. दार लावणारा निर्दय असतो असे नाही. त्याला एकच रोग दिसत असतो. दाराबाहेर थांबलेल्यांची मोजदाद कोणी तरी ठेवायला हवी, एवढेच.

तेव्हा वाचकहो, फराळ यथेच्छ करा. मात्र घरातले कोणी एका बाजूनेच चावत असेल, किंवा ‘काही नाही, होईल बरे’ म्हणत गाल धरून बसले असेल, तर भाऊबीज उलटताच त्याला दंतवैद्याकडे घेऊन जा. सध्या दार उघडे आहे.