नगाचा भाव आणि किलोचा भाव

वडिलांच्या टेपरेकॉर्डरची मोटार जळाली. नोएडातल्या दुरुस्तीवाल्याने ती काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "ऐसी सीलमपुर में मिलेगी." घरी १९८४ सालच्या एका नाटकाच्या तालमीची कॅसेट आहे. त्या नटमंडळींपैकी आता फार थोडी उरलीत. म्हणून गेलो.

मेट्रोच्या स्थानकापासून थोडं आत गेलं की जुन्या संगणकांचे सांगाडे रचलेले दिसतात. एका दुकानापुढे छोट्या मोटारींच्या दोन गोण्या होत्या. मालकाने एक मोटार उचलली, तिच्या दोन तारा बॅटरीला लावल्या. आस गरगर फिरला. तो म्हणाला, "चली तो पीस, नहीं तो किलो." चालली तर नगाने विकायची; नाही चालली तर तांब्याच्या भावाने.

या सहा शब्दांमागे बराच इतिहास आहे. कॅसेट १९६३ साली फिलिप्सने आणली. तिची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या ठरल्या वेगाने सरकली तरच माणसाचा आवाज माणसाचा राहतो, आणि तो वेग सांभाळते ही अंगठ्याएवढी मोटार. ऐंशीच्या दशकात भारतात कॅसेटचा सुळसुळाट झाला. गुलशनकुमार यांच्या सुपर कॅसेट्सचा कारखाना नोएडातच उभा राहिला.

ते नोएडा स्थापन झालं १७ एप्रिल १९७६ला, आणीबाणीत. दोनच दिवसांनी, १९ एप्रिलला, जुन्या दिल्लीत तुर्कमान गेटपाशी घरं पाडायला विरोध करणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तिथल्या कितीतरी कुटुंबांना यमुनापार नंदनगरी, त्रिलोकपुरीत नेऊन टाकलं. सीलमपूर त्याआधीच, साठच्या दशकात, शहरातून उठवलेल्यांसाठी वसवलं होतं. म्हणजे एकाच आठवड्यात नदीच्या या काठावर उद्योगनगरी जन्मली आणि शहराला नकोशी माणसंही याच काठावर आली. पुढे शहराला नकोशा वस्तूही त्यांच्याच मागोमाग आल्या. आधी रेडिओ आणि टेप, मग नव्वदनंतर संगणक, प्रिंटर, सीडी ड्राइव्ह. प्रत्येकात एक तरी मोटार.

बंद मोटारीचं पुढे काय होतं, तेही तिथेच कळतं. पत्र्याचं कवच फोडायचं, लोखंड वेगळं करायचं, तांब्याची तार काढायची. तारेवरचा लेप सुटावा म्हणून ती अनेकदा जाळतात, आणि तो धूर जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. चालणारी मोटार या आगीतून वाचते. तिला वाचवतो तो बॅटरी लावून पाहणारा माणूस.

ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११चे. ते १ मे २०१२ला लागू झाले. मग २०१६चे आले, त्यानंतर २०२२चे. या शेवटच्या नियमांनुसार उत्पादकाने पुनर्वापराची प्रमाणपत्रं घ्यायची. ती मिळतात सोनं, तांबं, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम या चार धातूंच्या वजनावर. अख्खं उपकरण दुरुस्त केलं तर त्याचीही नोंद होते, पण दुरुस्ती करणारा नोंदणीकृत हवा. गोणीतून निवडून वाचवलेल्या एका सुट्या मोटारीला त्यात खानाच नाही. कायद्याच्या हाती तराजू आहे, बॅटरी नाही.

त्याच दुकानात एका डब्यात हार्डडिस्कमधले लोहचुंबक होते, एकमेकांना घट्ट चिकटलेले. ते निओडिमियमचे. एप्रिल २०२५मध्ये चीनने अशा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि आपल्याकडच्या वाहन कारखान्यांत धावपळ उडाली. त्या वर्षी सप्टेंबरात केंद्राने दुर्मीळ खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. त्या पैशातलं काही या गल्लीत पोचेल का? नोंदणीसाठी कागद लागतात, जागा लागते, यंत्रं लागतात. इथे आहे ती फक्त पारख.

मोटार निवडताना मालकाने विचारलं, सुलटी फिरते की उलटी, किती व्होल्टची. मी जळकी मोटार पुढे केली. त्याने तिच्याकडे एकदा पाहून गोणीत हात घातला आणि तिसऱ्या प्रयत्नात जोडीची काढली.

बसवल्यावर कॅसेट जरा घाईत बोलू लागली. सगळी पात्रं पोरसवदा वाटत होती. दुरुस्तीवाल्याने मोटारीच्या पाठच्या भोकातून पेचकस घालून स्क्रू किंचित फिरवला. वडिलांचा आवाज खाली उतरला, आपल्या जागी आला. नेपथ्य कुठे ठेवायचं यावरून ते कुणाशी तरी वाद घालत होते.

जळकी मोटार मी दुकानातच सोडून आलो होतो. ती किलोने गेली असेल.