मार कमी, पण तोंड फिरवणारी केप

आजची गोष्ट एका पिवळ्या कापडाची. १९९० साली निन्टेंडोच्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये मारिओला केप मिळाली, ती उडण्यासाठी. २००१ साली 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' आला आणि त्यात तीच केप त्याचं हत्यार झाली.

आता बघा, बहुतेक फायटिंग गेम्समध्ये समोरच्याची लाइफ संपवायची असते. १९९९च्या पहिल्या 'स्मॅश'ने हा हिशोबच बदलला. इथे समोरच्याला स्टेजबाहेर घालवायचं! पण बाहेर फेकलेला गडी झेपा घेत परत येतो. म्हणजे खरी लढाई परतीच्या वाटेवर.

केप नेमकी तिथेच कामाला येते. तिचा मार फारसा लागत नाही, पण समोरच्याचं तोंड उलटं फिरतं. फॉक्स स्टेजकडे झेपावतोय आणि मारिओने केप फिरवली, की फॉक्सची झेप त्यालाच बाहेर नेते. ताकद त्याची, जीवही त्याचाच जातो! अंगावर आलेला फायरबॉलसुद्धा केप तसाच परत पाठवते.

म्हणून २०१८च्या 'अल्टिमेट'मध्येही मारिओ कडेला उभा दिसला, की मुरलेला खेळाडू सरळ झेपावत नाही. आधी वेळ बदलतो, मग वाट.